गोष्ट मध्येच थांबवा

पत्राचा सारांश: तालुक्याच्या गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचं हे पत्र आहे. अकरावी-बारावीतल्या जोड्या त्यांना दिसतात, तसा त्यांच्यातला संशय, मोबाइल तपासणं, कधी हात उचलणंही दिसतं. बारावीतल्या एका मुलीच्या दंडावर त्यांनी वळ पाहिले. विचारल्यावर ‘काही नाही मॅडम’ एवढंच उत्तर मिळालं. भाषण कुणी ऐकत नाही म्हणून त्यांनी एक कथा लिहिली. कथेतली मुलगी सगळं सहन करते, कुणाला काही सांगत नाही आणि शेवटी तिचा मित्र तिच्यावर पेट्रोल टाकतो. वळ असलेल्या त्या मुलीच्या आयुष्यातले दोन-तीन प्रसंगही त्यांनी नाव बदलून कथेत घातले आहेत, ‘म्हणजे तिला आपोआप कळेल’. प्राचार्य म्हणतात, पालक ओरडतील. सहकारी म्हणतात, मुलींना शहाणं करा, मुलग्यांना कशाला बसवता? त्या विचारतात: ही कथा वर्गात वाचू का? शेवट असाच ठेवू का? मुलगे वर्गात असावेत का?

मॅडम, नमस्कार.

गोष्ट वर्गात जरूर न्या. पण ही नको, आणि त्या मुलीच्या प्रसंगांसकट तर मुळीच नको. तिच्याशी बोलणं हे स्वतंत्र काम आहे आणि ते कथेच्या तासाची वाट न बघता याच आठवड्यात करायचं आहे. ते कसं, हे शेवटी लिहिते.

‘लेकी बोले सुने लागे’ ही आपल्या घराघरांत मुरलेली रीत आहे. समोरच्याला थेट सांगायचं धाडस नसलं की दुसऱ्याच्या नावाने सांगायचं. तुमच्या कथेत नेमकं हेच झालंय, आणि हेतू कितीही चांगला असला तरी वर्गात ते उलटतं. साठ जणांच्या वर्गात कुणाचं कुणाशी चालू आहे हे तुमच्या आधी पन्नास जणांना ठाऊक असतं. दुसऱ्या परिच्छेदाला माना वळतील. संध्याकाळपर्यंत त्या मुलाच्या कानावर जाईल की हिने मॅडमना सगळं सांगितलं. तिने तर काहीच सांगितलेलं नाही, पण राग तिच्यावरच निघेल. म्हणून आपल्या कॉलेजात शिकणाऱ्या, मागच्या दोन-तीन वर्षांत शिकून गेलेल्या कुणाचाही प्रसंग कथेत येऊ देऊ नका. लिहून झाली की वर्ग ओळखणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याला वाचून दाखवा. ऐकताना त्याच्या तोंडून एखादं नाव निघालं, तर तो भाग बदला.

आता शेवटाबद्दल. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेट्रोल टाकून जाळलं गेलं, तेव्हापासून कित्येक शाळा-कॉलेजांतल्या व्याख्यानांत तो प्रसंग येतो. तुमच्या मनातही तो असावा. असा शेवट ऐकताना वर्ग एकदम शांत होतो आणि सांगणाऱ्याला वाटतं, पोचलं. पण ऐकणारी मुलगी आपलं नातं त्या शेवटाशी ताडून बघते: ‘माझा मित्र काही असा नाही. तो तर मला चिडल्यावरसुद्धा घरी सोडतो.’ मुलगाही मनाशी म्हणतो, मी काही पेट्रोल टाकणारा नाही. दोघंही सुटतात. शिवाय ज्या भीतीवर काय करायचं हे हाती येत नाही, ती भीती माणूस मनातून बाजूला सारतो. राहतो तो एकच धडा, की हे ‘त्या’ लोकांमध्ये होतं.

बातम्यांतल्या शब्दांचाही इथे वाटा आहे. ‘एकतर्फी प्रेमातून तरुणीवर हल्ला’ हा मथळा आपण इतक्यांदा वाचलाय की त्यातला ‘प्रेम’ शब्द खटकेनासा झालाय. नको म्हणणाऱ्या मुलीचा महिनोन्‌महिने पाठलाग करणं याला प्रेम म्हणायचं, तर त्या मुलीचं नको म्हणणं हे प्रेम नाकारण्याचं पाप ठरतं. हा मथळा फळ्यावर लिहून मुलांना तो पुन्हा लिहायला सांगा. वीस मिनिटांचं काम आहे आणि तुम्ही मराठी शिकवता, त्यामुळे कुणाला वेगळं काही चाललंय असंही वाटणार नाही. ‘प्रेम’ काढल्यावर तिथे कोणता शब्द बसतो यावर चांगला वाद होतो.

मग गोष्ट कशी हवी? लहान, रोजची, आणि ज्या जागी अजून काहीतरी बदलता येतं त्या जागी थांबणारी. एक नमुना देते. हवी तर अशीच वापरा, नाही तर तुमच्या गावच्या बोलीत फिरवून घ्या.

‘शेवटचा तास सुटला. एसटीला अजून वीस मिनिटं होती. प्राजक्ता आणि मनीषा स्टँडवरच्या बाकावर बसल्या. सागर गाडी लावून आला, प्राजक्ताशेजारी बसला आणि रोजच्यासारखा त्याने हात पुढे केला. प्राजक्ताने मोबाइल दिला. पासवर्ड त्याला पाठ होता.

“हा आदित्य कोण?”

“प्रॅक्टिकलच्या ग्रुपमध्ये आहे. जर्नल मागत होता.”

“रात्री साडेनऊला?”

प्राजक्ता हसली. “अरे, दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं.”

सागरही हसला. हसत हसतच त्याने तिचं मनगट धरलं. मनीषा समोरच्या रसवंतीकडे बघू लागली.

“काळजी वाटते म्हणून विचारतो ना मी?”

“हो.”

“मग सोड तो ग्रुप.”

प्राजक्ताने ग्रुप सोडला. सागर उठला, रसाचे दोन ग्लास घेऊन आला, एक मनीषाला दिला. एसटी आली. खिडकीशी बसल्यावर प्राजक्ताने बाही खाली ओढली.

“लागलं का गं?” मनीषाने विचारलं.

“नाही गं. बांगडी रुतली.”

तिच्या हातात बांगडी नव्हती.’

इथे थांबा. पुढे काय झालं ते सांगू नका, विचारलं तरी.

या गोष्टीत थप्पड नाही, शिवी नाही, खलनायक नाही. सागर रस आणून देतो, तोही दोघींना. हे मुद्दाम आहे. मारणारा मुलगा सतत वाईट दाखवला की वर्गातली मुलगी आपल्या माणसाला त्यात ओळखतच नाही, कारण तिच्या माणसाचे चांगले दिवसही असतात. संशय, मग बंधनं, मग मैत्रिणी तुटणं, मग एखाद्या दिवशी हात उठणं, मग रडून माफी, गिफ्ट, आठवडाभर गोडवा आणि पुन्हा संशय, असं हे चाक फिरतं. त्यातला गोडवा खोटाच असतो असं नाही, आणि मुलगी तिथेच अडकते. म्हणून तुमच्या प्रत्येक गोष्टीत एक तरी चांगला क्षण ठेवा. मोठ्याने वाचायला सहा-सात मिनिटं लागतील एवढी लांबी पुरे, म्हणजे सातशे-आठशे शब्द. वरचा नमुना त्याहूनही छोटा आहे आणि पहिल्या तासाला तेवढा बास.

दुसरा मुद्दा मनीषाचा. वर्गातल्या बहुतेकांची जागा प्राजक्ताची नसते, सागरचीही नसते. ते मनीषा असतात. बघतात, अवघडतात, रसवंतीकडे नजर वळवतात. कथा लिहिताना आपण ‘सोसणारी मुलगी’ हाच श्रोता धरतो आणि वर्गातल्या सर्वांत मोठ्या गटाला काही कामच देत नाही. मुलं आपली गोष्ट आधी मैत्रिणीला, मित्राला सांगतात. शिक्षकांचा आणि आईवडिलांचा नंबर फार नंतर लागतो. तेव्हा मैत्रिणीच्या तोंडचं पहिलं वाक्य कोणतं असेल, हे शिकवण्यासारखं आहे.

आता प्रत्यक्ष तास. दोन तास जोडून ८० मिनिटं मिळवा. साठ मुलं एकदम घेऊ नका. वीस ते पंचवीस जणांचा गट, बाकं बाजूला सारून गोल. दाराशी ये-जा नको, आणि तुमच्या सोबत एक पुरुष सहकारी असला तर उत्तम, फक्त तो वर्गावर ओरडणारा नसावा. सुरुवातीलाच मदतीचे नंबर फळ्यावर लिहा: मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, तातडीला ११२, मनाचा ताण असह्य झाला तर टेलि-मानसचा १४४१६. शेवटी लिहिले की ते उतरवून घेणाऱ्याकडे सगळे बघतात. आधीपासून फळ्यावर असले की ते तारखेसारखेच एक होऊन जातात, आणि ज्याला हवेत तो गुपचूप उतरवतो.

गोष्ट वाचून झाली की लगेच चर्चा नको. सगळ्यांना एकाच आकाराच्या चिठ्ठ्या द्या, तीन मिनिटं, नाव न घालता लिहायचं: ‘ही गोष्ट ऐकताना मला कुठे अस्वस्थ वाटलं?’ आणि एक नियम ठेवा: ज्याला काही सुचत नाही त्याने गोष्टीतलं शेवटचं वाक्य उतरवायचं. म्हणजे सगळेच लिहिताना दिसतात आणि कुणाची चिठ्ठी लांब झाली याकडे लक्ष जात नाही. चिठ्ठ्या डब्यात टाकून तुम्ही घरी न्यायच्या. न वाचता वर्गात एकही उघडायची नाही. एखाद्या चिठ्ठीत ‘माझे वडील आईला’ असं काही असेल, तर ते तुम्हीच पहिल्यांदा वाचलेलं बरं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं होतं. तुमच्या गोलात बसलेल्या काही मुलांनी हे घरात पाहिलेलंच असणार. ती गोष्ट ऐकताना प्राजक्ताच्या जागी आईला बघत असतील, याचं भान असू द्या.

मग प्रश्न. इथेच बहुतेक तास बिघडतात. आपल्या तोंडून सवयीने पहिला प्रश्न निघतो, ‘प्राजक्ताने काय करायला हवं होतं?’ तिथून पुढे अर्धा तास प्राजक्ताचीच उलटतपासणी होते: पासवर्ड का दिला, हसली का, घरी का नाही सांगितलं. हा प्रश्न सगळ्यात शेवटी घ्या. आधी विचारा, सागरने काय काय केलं? फक्त कृती, विशेषणं नाहीत. फळ्यावर येतं: हात पुढे केला, मेसेज वाचले, मनगट धरलं, ग्रुप सोडायला लावला, रस आणला. मग विचारा, या प्रत्येकातून त्याला काय मिळालं? ‘राग आवरला नाही’ असं कुणीतरी म्हणतंच. तेव्हा दाखवून द्या की मनगट धरताना तो हसत होता, आवाज चढलेला नव्हता, आणि स्टँडवर माणसं होती. राग अनावर झाला तर इतकं मोजूनमापून वागता येत नाही. मुलं इथे गप्प होतात. ती शांतता भरून काढायची घाई करू नका.

त्यानंतर मनीषा. तिला काय दिसलं? ती का गप्प बसली? घाबरली, रस प्यायला, उद्या प्राजक्ताच आपल्यावर चिडेल असं वाटलं, सगळी कारणं खरी आहेत, सगळी लिहा. आणि मग पाच-पाच जणांच्या गटात एकच काम: दुसऱ्या दिवशी मनीषा प्राजक्ताशी कोणत्या वाक्याने बोलायला सुरुवात करेल? वाक्य शब्दशः लिहायचं. ‘तिला समजावेल’ चालणार नाही. गटांतून येणारी वाक्यं एकेक करून मोठ्याने म्हणा आणि प्राजक्ताच्या कानांनी ऐकायला सांगा. ‘तू त्याला सोडून का देत नाहीस?’ हे ऐकल्यावर प्राजक्ता त्याची बाजू घेते. ‘काल तुझं मनगट बघितलं मी. तेव्हा बोलले नाही, पण मला बरं नाही वाटलं,’ हे ऐकल्यावर तिला लगेच उत्तर द्यावं लागत नाही, आणि दार उघडं राहतं. हा फरक मुलांना स्वतःच्या कानाने कळतो, तुम्ही सांगायची गरज पडत नाही.

नाट्यरूप करायचं असेल तर ब्राझीलच्या आगुस्तो बोआल यांनी रुजवलेली फोरम थिएटरची पद्धत उपयोगी पडते. प्रसंग एकदा सादर करायचा, मग पुन्हा सुरू करायचा, आणि बघणाऱ्यांपैकी कुणीही ‘थांबा’ म्हणून मनीषाची किंवा प्राजक्ताची जागा घेऊन वेगळं वागून बघायचं. सागरची जागा कुणी घ्यायची नाही. तो अचानक चांगला वागू लागला की प्रश्न जादूने सुटतो आणि कुणाचंच काही शिकणं होत नाही. काही पथ्यं पाळा: वर्गातली खरी जोडी, किंवा जोडी असल्याची कुजबुज असलेली दोघं, या प्रसंगात नकोत. अंगाला हात लावायचा नाही. मनगट धरण्याऐवजी दोघांमध्ये एक ओढणी धरा. सागर करणाऱ्या मुलाला टोपी द्या आणि प्रसंग संपला की ती खुर्चीवर ठेवून त्याने स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं. हे विसरलात तर त्या पोराला महिनाभर ‘ए सागर’ अशी हाक ऐकावी लागते, कधीकधी ती त्याला आवडायलाही लागते.

मुलगे हसतील. अवघडल्यावर हसूच येतं, त्यावर चिडू नका. ‘कुठल्या वाक्याला हसू आलं?’ असं साधेपणाने विचारून गोष्टीकडे परत या. कुणी म्हणेल, ‘पण तिचंही चुकलंच.’ खोडून काढू नका, विचारा: तिचं चुकलं असं धरून चाललो, तर सागरपुढे मनगट धरण्याशिवाय आणखी कोणते रस्ते होते? चार-पाच निघतातच. आणि एखादा किंवा एखादी भर गोलात स्वतःच्या घरचं सांगायला लागली, तर मध्येच, पण मायेने थांबवा: ‘हे महत्त्वाचं आहे. मला नीट ऐकायचंय, तास संपला की आपण बसू.’ आणि बसा. त्या दिवशी पुढचा तास ठेवू नका.

मुलग्यांना बाहेर पाठवायचा सल्ला मला अजिबात पटत नाही. मुलींनाच शहाणं करायचं म्हणजे हिंसा करणाऱ्याचं वागणं आपण पावसासारखं धरून चालतो: तो पडणारच, छत्री तुम्ही घ्या. मात्र पहिले दोन तास मुलींचे आणि मुलग्यांचे वेगळे घ्या, गोष्ट तीच. मुलग्यांच्या तासाला तीच संध्याकाळ सागरच्या बाजूने सांगा. स्टँडच्या पलीकडे त्याचे मित्र उभे आहेत आणि सकाळीच त्यांनी ऐकवलंय, ‘तुझी पोरगी दुसऱ्याशी बोलते आणि तू बघत बसतोस? तिच्या ताटाखालचं मांजर झालास!’ मोबाइलसाठी पुढे केलेल्या त्या हातामागे मित्रांचा केवढा रेटा आहे हे मुलगे लगेच ओळखतात, आणि त्याबद्दल बोलायला त्यांना जागा मिळत नसते. सागरची बाजू सांगणं म्हणजे त्याला माफ करणं नव्हे. हात त्याचाच होता, हे तासाच्या शेवटी पुन्हा म्हणा. तिसऱ्या तासाला दोन्ही गट एकत्र आणा आणि तुम्ही निवडलेल्या चिठ्ठ्या अदलाबदल करून वाचा, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून स्वतःच्या हाताने उतरवून.

‘मुलीपण करतात मॅडम’ हे वाक्य ठरलेलं आहे. ते खरंही आहे, त्याला टाळाटाळ समजू नका. चौथ्या तासासाठी एक गोष्ट मुलग्याची ठेवा: त्याला नातं थांबवायचंय आणि ती म्हणते, ‘सोडलंस तर नस कापून घेईन.’ ही धमकी मुलगेही तितकीच देतात. इथे मुलांना नेमकं सांगायला हवं, की अशी धमकी खरी धरायची आणि तिच्या किंवा त्याच्या घरच्या मोठ्या माणसाला लगेच कळवायचं, पण त्या धमकीपोटी नात्यात राहायचं नाही. जीव वाचवायला मोठी माणसं लागतात, नातं टिकवून तो वाचत नाही.

आणखी एका शेवटापासून सावध राहा. तो पेट्रोलच्या शेवटाइतकाच धोक्याचा आहे: ‘प्राजक्ता ठामपणे नाही म्हणाली, निघून गेली, टाळ्या.’ नातं तोडतानाचा आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांचा काळ सर्वांत जोखमीचा असतो, कारण पकड सुटते तेव्हाच ती आवळली जाते. म्हणून तोडण्याची गोष्ट लिहाल तेव्हा त्यात तपशील घाला. ती त्याला एकटी, आडजागी, ‘शेवटचं भेट’ म्हणून भेटायला जात नाही. घरातल्या किंवा कॉलेजातल्या एका मोठ्या माणसाला आधी सांगते. येण्याजाण्याची वेळ काही दिवस बदलते, सोबत कुणी तरी असतं. धमकीचे मेसेज पुसत नाही, स्क्रीनशॉट काढून विश्वासाच्या माणसाकडे पाठवते. व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये दुसऱ्याचा फोन जोडलेला आहे का बघते, गूगलचा पासवर्ड बदलते, लोकेशन शेअरिंग बंद करते, पण हे सगळं सोबत कुणी असताना, कारण ते बंद झालं की त्याला लगेच कळतं.

चार तास कशाला, एक जोरदार कार्यक्रम करू, असं कॉलेज म्हणेल. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या सरकारी शाळांमध्ये १९९० च्या दशकात ‘सेफ डेट्स’ नावाचा कार्यक्रम नीट तपासून पाहिला गेला. त्यात मुलांनी सादर केलेलं एक नाटक होतं, पण त्याला जोडून ४५ मिनिटांची दहा सत्रं आणि पोस्टर स्पर्धाही होती. या मुलांमध्ये चार वर्षांनंतरही नात्यातली मारहाण कमी आढळली. मुंबईत २००८ पासून महापालिकेच्या शाळांत सहावी-सातवीच्या मुलांसोबत झालेल्या ‘जेम्स’ या स्त्री-पुरुष समानतेच्या उपक्रमातही, नुसत्या शाळाभरच्या मोहिमेपेक्षा वर्गात गटाने पुन्हा पुन्हा बसून केलेल्या कामातून विचार जास्त बदलले. तुमच्याकडे दहा सत्रं नाहीत हे मला समजतं. चार तरी मागा, आठवड्याला एक.

प्राचार्यांना आणि पालकांना आडवळणाने काही सांगू नका. ‘व्यक्तिमत्त्व विकास’ असं नाव देऊन हे केलं आणि मग बाहेर फुटलं, की तुमच्यामागे कुणी उभं राहणार नाही. पालकसभेत दहा मिनिटं घ्या आणि प्राजक्ताची गोष्टच वाचून दाखवा. त्यात आक्षेप घेण्यासारखं काही नाही, आणि ‘बांगडी नव्हती’ या वाक्यापाशी आया एकमेकींकडे बघतात. महाराष्ट्रात २०२२ पासून शाळांमध्ये मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असणं अपेक्षित आहे. तुमच्याकडे ती कागदावर असेल तर या निमित्ताने तिची बैठक बोलवा आणि तासांची परवानगी समितीच्या इतिवृत्तात नोंदवा.

कायद्याचंही थोडं, कारण इथे शिक्षकांचा गोंधळ होतो. तुमचे बहुतेक विद्यार्थी अठराच्या आतले आहेत. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठराखालच्या मुलामुलीवर लैंगिक अपराध झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणाऱ्या प्रौढाला शिक्षा होऊ शकते, आणि अठराखालच्या व्यक्तीची संमती हा कायदा मानत नाही. म्हणून ‘तुम्ही काहीही सांगा, मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधीही देऊ नका. पहिल्या तासाच्या सुरुवातीलाच म्हणा: ‘तुमचं बोलणं मी इकडेतिकडे करणार नाही. पण कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कायद्याने मला सांगणं भाग असेल, तर मी आधी तुम्हाला सांगून मगच पुढे जाईन.’ हे ऐकून काही मुलं गप्प राहतील. वचन मोडल्यावर सगळीच गप्प होतात, त्यापेक्षा हे बरं. मुलीने नको म्हटल्यावरही पाठलाग करणं, सतत संपर्क करणं, तिच्या मोबाइल-इंटरनेटवर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा मात्र एका घरात राहणाऱ्या किंवा राहिलेल्या नात्यांसाठी आहे. कॉलेजातल्या जोडीला तो लागू करून मुलांना चुकीची माहिती देऊ नका.

मंडळात, वसतिगृहात, किशोरी गटात हे काम करणाऱ्यांनाही हेच लागू पडतं, फक्त तिथे मुलं एकमेकांच्या घरांना ओळखतात, तेव्हा गोष्टीतलं गाव आणखी दूरचं ठेवा. घरी आईवडिलांना तर गोष्ट लिहायचीही गरज नाही. मालिकेतला नायक नायिकेचा हात धरून तिला ओढत नेतो, तेव्हा टीव्हीचा आवाज कमी करून ‘तिला कसं वाटलं असेल गं?’ एवढं विचारलं तरी पुरतं. उत्तर आलंच पाहिजे असंही नाही.

आता ती मुलगी. तुम्ही वळ पाहून विचारलंत, पण आजूबाजूला कुणी होतं का? तो मुलगा त्याच इमारतीत होता का? असेल तर ‘काही नाही मॅडम’ हेच योग्य उत्तर होतं. तिला साध्या कामासाठी बोलवा, निबंधाची वही, स्पर्धेचा फॉर्म. दार अर्धं उघडं, आवाज बाहेर जाणार नाही अशी जागा. मुलाचं नाव घेऊ नका, वळ कसे आले ते पुन्हा विचारू नका, दंड दाखव म्हणू नका. कुणाच्या जिवाचा किंवा कायद्याचा प्रश्न आला तर काय कराल, ते वर्गाला सांगायचं वाक्य तिलाही आधीच सांगा. मग म्हणा, ‘त्या दिवशी तुझा दंड बघितला, तेव्हापासून मनात आहे. तुला सांगायचं नसेल तर सांगू नकोस. कुणी तुला दुखवत असेल तर त्यात तुझी चूक नाही, आणि घरी कळायच्या आधी काय करता येईल, यावरही आपण बोलू शकतो.’ मुलींची खरी भीती बहुतेकदा त्या मुलाची कमी आणि घरची जास्त असते: शिक्षण बंद होईल, लग्न लावून देतील. ती भीती तुम्हाला माहीत आहे हे तिला कळू द्या.

ती बोलू लागली तर दोनच गोष्टी आधी विचारा: आज घरी जाताना सुरक्षित वाटतंय का, आणि त्याने मारून टाकीन, जीव देईन, फोटो टाकीन असं काही म्हटलंय का. यातल्या कशालाही ‘हो’ आलं तर त्याच दिवशी पुढची पावलं उचला. १०९८ वर तुम्ही स्वतःही फोन करून विचारू शकता, आणि जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरचा, म्हणजे हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांना मदत करणाऱ्या सरकारी केंद्राचा, नंबर आजच शोधून ठेवा. त्या मुलाला बोलावून दम देऊ नका, दोघांना समोरासमोर बसवून ‘मिटवू’ नका. त्याची किंमत तिला एसटी स्टँडवर मोजावी लागते.

आणि ती पुन्हा ‘काही नाही मॅडम’ म्हणाली, तर वही परत द्या आणि सांगा की दर बुधवारी मधल्या सुट्टीत तुम्ही ग्रंथालयात असता. मग त्या बुधवारी तिथे असा, आणि पुढच्याही.